लॉटरी, आकडा आणि हिशोबाची वही
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



आजचा विषय कापडाचा नाही, कापसाचाही नाही. पण दोहोंशी त्याचे नाते आहे. विषय आहे लॉटरीच्या मोठ्या बक्षिसाचा आणि ते लागण्याच्या शक्यतेचा. सप्तव्यसनांत द्यूताचा क्रमांक पहिला आहे, हे येथे बसलेल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. म्हणून त्याचा धार्मिक निषेध येथे पुन्हा करण्याचे प्रयोजन नाही. ते कार्य साधू-साध्वीजी चातुर्मासात अधिक अधिकाराने करतात. येथे पाहावयाचा आहे तो केवळ हिशोब. व्यापारी समाज हिशोबात कच्चा नसतो, असा लौकिक आहे. तरीही हाच एक हिशोब आपल्या पेढ्यांवर आणि घरांत वर्षानुवर्षे मांडला जात नाही, असे का, हा प्रश्न आहे.

अकोल्याच्या कापड बाजारातील एका जुन्या ठोक पेढीवरची गोष्ट आहे. पेढीवर एक मुनीमजी होते. एकतीस वर्षांची नोकरी, अक्षर मोत्यासारखे, रोजमेळ कधी एका रुपयाने चुकला नाही. सन २००८ च्या दिवाळीत वहीपूजनाच्या आधी जुन्या वह्या बांधून माळ्यावर ठेवताना त्यांच्या बैठकीखाली लाल कापडी बांधणीची एक निराळी वही निघाली. शेठजींच्या धाकट्या भावाने ती उघडली. पहिल्या पानावर 'अंक खाते' असे लिहिलेले होते. डाव्या बाजूस जमा, उजव्या बाजूस नावे; तिथीवार, नीट आखलेले रकाने. सन २००२ च्या दिवाळीपासून मुनीमजींनी घेतलेल्या प्रत्येक लॉटरी तिकिटाची नोंद त्या वहीत होती. दोन अंकी यंत्रावरचे खेळ होते, दर आठवड्याची तिकिटे होती, दिवाळी बंपर होता, सहा आकड्यांचा कोटींचा खेळ होता. तिसऱ्याच महिन्यात शंभर रुपयांवर नऊ हजार जमा झाल्याची नोंद होती आणि तिला हळदकुंकू वाहिलेले होते. पेढीच्या खात्यावर मुनीमजींच्या नावे अडुसष्ट हजारांची उचल त्याच सहा वर्षांत चढली होती, हे धाकट्या भावाच्या तेव्हा ध्यानात आले. घरच्या आजारपणासाठी आणि प्लॉटच्या हप्त्यासाठी म्हणून ती उचल घेतलेली होती.

शेठजींनी वही हातात घेतली, पाने उलटली आणि एकच प्रश्न विचारला: "मुनीमजी, याची बेरीज कुठे आहे?"

बेरीज नव्हती. एकाही पानाच्या तळाशी बेरीज नव्हती आणि एकाही पानाच्या माथ्यावर मागील बाकी ओढलेली नव्हती. ज्या माणसाने एकतीस वर्षे दुकानाची बाकी रोज संध्याकाळी ओढली, त्याने या वहीत सहा वर्षे प्रत्येक पान कोरे समजून सुरू केले होते. या गोष्टीकडे शेवटी पुन्हा यावे लागेल. तूर्त ती वही बाजूला ठेवून आकड्यांकडे वळावे.

सहा आकड्यांचा जो खेळ २००२ च्या सुमारास सिक्कीम शासनाच्या नावाने देशभर आला, तो अनेकांना आठवत असेल. दर गुरुवारी सोडत दूरचित्रवाणीवर दिसे. एक ते एकोणपन्नास या आकड्यांतून सहा निवडावयाचे. सहाही जुळले तर कोटींचे बक्षीस. दहा रुपयांचे तिकीट. पुढे तो खेळ बंद पडला, परंतु जगभर आजही याच धर्तीचे खेळ चालतात. एकोणपन्नासांतून सहा आकडे किती प्रकारे निवडता येतात? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी विलायतेस जाण्याचे कारण नाही. इसवी सन ८५० च्या सुमारास राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग यांच्या काळात महावीराचार्य नावाचे जैन गणिती होऊन गेले. त्यांच्या 'गणितसारसंग्रह' या ग्रंथात या प्रकारच्या निवडीचा सर्वसाधारण नियम दिलेला आहे. सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने १९६३ मध्ये हा ग्रंथ हिंदी अनुवादासह प्रकाशित केला. महावीराचार्यांनी उदाहरण घेतले आहे ते षड्रसांचे. तुरट, कडू, आंबट, तिखट, खारट आणि गोड या सहा रसांची किती मिश्रणे होतील, असा त्यांचा प्रश्न. एकेक रस घेतला तर सहा, दोन-दोन घेतले तर पंधरा, तीन-तीन घेतले तर वीस, चार-चारांची पुन्हा पंधरा, पाच-पाचांची सहा आणि सहाही मिळून एक, एकूण त्रेसष्ट. स्वयंपाकघरातले उदाहरण आहे, पण नियम तोच.

नियम असा: एका ओळीत एकोणपन्नासपासून उतरत जाणारे सहा आकडे मांडावेत, दुसऱ्या ओळीत एकपासून चढत जाणारे सहा. वरच्या ओळीचा गुणाकार करावा, खालच्या ओळीच्या गुणाकाराने त्यास भागावे. वरचा गुणाकार येतो एक हजार सहा कोटी त्र्याऐंशी लाख सत्तेचाळीस हजार पाचशे वीस. खालचा येतो सातशे वीस. भागाकार १,३९,८३,८१६. म्हणजे सुमारे एक कोटी चाळीस लाख निवडी शक्य आणि त्यांपैकी बक्षिसाची एकच.

कोटी हा शब्द व्यापाऱ्याच्या तोंडात सहज येतो, पण डोळ्यांपुढे येत नाही. म्हणून कापडाच्या भाषेत पाहू. प्रत्येक निवडीसाठी एक मीटर कापड धरले, तर १,३९,८३,८१६ मीटरची, म्हणजे सुमारे १३,९८४ किलोमीटर लांबीची एक अखंड पट्टी होईल. वीस मीटरचे थान धरले तर सुमारे सात लाख थान झाले. ही पट्टी मुंबईच्या किनाऱ्यापासून उलगडत गेले तर न्यूयॉर्क गाठेल. ते हवाई अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर आहे. तरीही जे कापड उरेल, ते मुंबईहून अकोल्यास रुळांच्या बाजूने अंथरत येऊन पुन्हा मुंबईस नेण्यास पुरेल. आता या सबंध पट्टीतील एकाच मीटरवर उलट्या बाजूने खडूची एक फुली मारून ठेवली आहे. कुठे, ते कुणास ठाऊक नाही. गिऱ्हाइकाने दहा रुपये द्यावेत, कुठल्याही एका ठिकाणी बोट ठेवावे आणि खाली फुली असली तर करोडपती व्हावे. असा सौदा दुकानात कुणी सांगितला तर त्यास पाणी पाजून वाटेस लावले जाईल. चौकातील स्टॉलवर तोच सौदा रंगीत कागदावर मिळतो, एवढाच फरक.

दर गुरुवारी एक तिकीट घेणाऱ्यास सर्व निवडी पुऱ्या होण्याइतकी तिकिटे घेण्यास सुमारे दोन लाख एकोणसत्तर हजार वर्षे लागतील. तेवढी वर्षे घेऊनही बक्षीस लागेलच असे नाही. एकदाही न लागण्याची शक्यता तेव्हाही शेकडा सदतीस उरते. अमेरिकेतील पॉवरबॉल या खेळात तर ही संख्या २९,२२,०१,३३८ आहे. तेथे नोव्हेंबर २०२२ मध्ये दोन अब्ज डॉलरहून मोठे बक्षीस एका तिकिटास लागले आणि ती बातमी आपल्या येथील मराठी वर्तमानपत्रांतही आली. ज्या कोट्यवधी तिकिटांस काही लागले नाही, त्यांची बातमी कुठल्याच गावी येत नसते. मनुष्याच्या मनाचा हिशोब बिघडतो तो येथे. लागलेला एक दिसतो. न लागलेले दिसत नाहीत.

'अगदी एका आकड्याने हुकले' हे वाक्य प्रत्येकाने ऐकलेले आहे. हे हुकणे मोठे फसवे असते. सहा अंकी क्रमांकाचे तिकीट घेतले, तर विजयी क्रमांकापासून केवळ एकाच अंकाने वेगळे असे किती क्रमांक निघतील? सहा जागा आणि प्रत्येक जागी नऊ निराळे अंक, म्हणजे चोपन्न. प्रत्येक विजयी तिकिटामागे चोपन्न क्रमांक असे असतात की ते घेणारा रात्रभर तळमळतो आणि लक्ष्मी दारापर्यंत येऊन परतली असे मानतो. वास्तविक लक्ष्मी निघालीच नव्हती. शेवटचा अंक सातऐवजी आठ असला काय किंवा सर्व अंक निराळे असले काय, तिकिटाची किंमत सारखीच: शून्य. पण तळमळणारा मनुष्य दुसऱ्या दिवशी दोन तिकिटे घेतो. 'हा आकडा बरेच दिवस आलेला नाही, आता येणारच' ही दुसरी समजूत. यंत्रातील चेंडूंस कालचे स्मरण नसते. स्मरण असते ते खिशाला आणि खिशाचे स्मरण ठेवण्यासाठीच तर वही असते.

आता आपल्या वऱ्हाडाकडे यावे, कारण या देशातील आकड्याच्या जुगाराची मुळे कापसात आहेत. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तेथील रुई इंग्लंडला मिळेनाशी झाली आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीला सोन्याचा भाव आला. लोहमार्ग आले, जिनिंग-प्रेसिंग आले, तारयंत्र आले. कारंजा येथे १८८६ मध्ये कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा झाला. शेतकऱ्याच्या गाडीतील कापसाचा भाव सातासमुद्रापलीकडे ठरू लागला. समाजातील अनेक घराण्यांची पेढी, अडत आणि मंदिरांना दिलेली दाने याच कापसातून आली, हे कृतज्ञतापूर्वक सांगितले पाहिजे.

परंतु तारेने भाव येऊ लागला, तसा त्या भावाच्या अंकांवर पैसे लावणारा वर्गही निर्माण झाला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडता भाव आणि बंद भाव मुंबईत येई आणि त्यातील अंक काय असेल यावर पैजा लागत. त्यालाच 'आकडा' म्हणत. ज्याने आयुष्यात सरकी आणि रुई यांतील फरक पाहिला नव्हता, तोही न्यूयॉर्कच्या रुईवर पैसे लावी. १९६१ च्या सुमारास न्यूयॉर्कचे ते भाव येणे थांबले. आकडा मात्र थांबला नाही. मडक्यात चिठ्ठ्या टाकून त्या काढल्या जाऊ लागल्या आणि आकड्याचा 'मटका' झाला. मुंबईत वरळीला १९६२ मध्ये तो सुरू झाल्याचे सांगतात. पुढे चिठ्ठ्यांच्या जागी पत्ते आले. वऱ्हाडात पानटपरीच्या मागे आणि बसस्थानकाच्या भिंतीआड तो कसा पसरला, याचे वर्णन या सभागृहात नको. कापूस गेला, भाव गेला, न्यूयॉर्क गेले. उरला तो निव्वळ अंक. यावरून एक गोष्ट उघड होते की, त्या पैजेत कापसाचे ज्ञान पहिल्यापासूनच नव्हते.

येथे व्यापार आणि सट्टा यांत भेद केला पाहिजे, कारण व्यापाऱ्यांवर सरसकट सट्टेबाजीचा आरोप करणे अन्यायाचे होईल. ज्याच्या गोदामात पाचशे गाठी आहेत, त्याने भाव पडण्याच्या भीतीने पुढील महिन्याचा सौदा आज केला, तर तो जोखीम कमी करतो. ज्याच्याजवळ एकही गाठ नाही आणि घ्यावयाचीही नाही, तो जोखीम निर्माण करतो. १९५२ च्या वायदे सौद्यांच्या कायद्याने मालावरील तेजी-मंदीचे सौदे निषिद्ध केले, त्यामागे हाच भेद होता. तथापि वऱ्हाडातील किती पेढ्या दुसऱ्या प्रकारच्या सौद्याने बसल्या, हे वडीलधाऱ्यांना विचारावे. ते सांगतीलच असे नाही.

महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ च्या एप्रिलमध्ये सुरू झाली. त्या वेळी मुख्यमंत्री होते आपल्या विदर्भातील पुसदचे वसंतराव नाईक. मटक्यासारख्या बेकायदा जुगाराकडून लोकांना वळवावे आणि त्यातून शासनास महसूल मिळावा, हा हेतू सांगितला गेला. हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु तहानलेल्याला विहिरीवरून नळावर नेले म्हणून तहान जात नाही. नव्वदच्या दशकात एक अंकी लॉटरीचा इतका सुळसुळाट झाला की, १९९८ च्या केंद्रीय कायद्याने एका अंकावर बक्षीस देण्यास मनाई करावी लागली. आठवड्यातून एकाहून अधिक सोडत नको, वर्षात सहाहून अधिक बंपर नकोत, अशाही अटी त्या कायद्यात आहेत. एक अंक बंद झाला तेव्हा यंत्रांवर दोन अंक आले. मुनीमजींच्या वहीत अधिकांश नोंदी त्या दोन अंकांच्याच आहेत.

या लहान खेळांची गंमत वेगळी आहे आणि व्यापाऱ्याने ती नीट समजून घेण्यासारखी आहे. कोटींच्या बक्षिसाची शक्यता इतकी क्षीण की सुज्ञ मनुष्य तिच्या नादी लागत नाही. दोन अंकी खेळात शंभरांतून एक आकडा. लागला तर रुपयास साधारण नव्वद रुपये. मनुष्य म्हणतो, यात काय वाईट? शंभरांत दहाचीच तूट. एवढी दलाली आणि वटाव तर व्यापारातही जाते. चूक येथे होते. व्यापारात भांडवल जितक्या वेळा फिरेल तितका नफा वाढतो. उन्हाळ्यात फिरले, लग्नसराईत फिरले, दिवाळीत फिरले की दुकान उभे राहते. या खेळात भांडवल जितक्या वेळा फिरेल, तितके ते झिजते. हजार रुपये एकदा फिरवले तर सरासरीने नऊशे उरतात. आलेले पुन्हा लावले तर आठशे दहा. असे वीस वेळा फिरवले तर सुमारे एकशेवीस उरतात. पंधरा-पंधरा मिनिटांनी सोडत असेल तर वीस फेऱ्यांना पाच तास पुरतात. उलाढाल हा शब्द दुकानात मंगल आहे; तेथे तोच घात करतो. एवढा एक फरक पेढीवर बसणाऱ्या मुलास उमगला तर पुष्कळ झाले.

द्यूताची सर्वांत प्रसिद्ध कथा कुठली म्हणून विचारले तर कौरव-पांडवांची सांगितली जाते. वऱ्हाडी मनुष्याने मात्र नल-दमयंतीची सांगावी, कारण दमयंती आपल्या विदर्भाची कन्या. वर्धा नदीच्या काठी तिवसा तालुक्यातील कौंडिण्यपूर तेच प्राचीन कुंडिनपूर मानले जाते. जैन परंपरेत ती दवदंती म्हणून सोळा सतींमध्ये वंदनीय आहे. नलाने द्यूतात राज्य गमावले आणि अरण्यात पत्नीस झोपेत सोडून तो निघून गेला, एवढा भाग सर्वांना माहीत असतो. महाभारतातील कथेचा पुढचा भाग कमी सांगितला जातो. रूप पालटलेला नल बाहुक या नावाने अयोध्येचा राजा ऋतुपर्ण याचा सारथी झाला. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता ऐकून ऋतुपर्ण कुंडिनपूरकडे निघाला. म्हणजे रथ विदर्भाच्या वाटेवर होता. वाटेत बेहड्याचा एक वृक्ष लागला. ऋतुपर्णाने नुसत्या दृष्टिक्षेपात त्याच्या दोन फांद्यांवरील पानांची आणि फळांची संख्या सांगितली. फळे दोन हजार पंचाण्णव. बाहुकाला ते पटेना. त्याने रथ थांबवला, वृक्ष तोडून फळे मोजली. ती तितकीच भरली. तेव्हा ऋतुपर्णाने त्यास अक्षविद्या दिली आणि त्याच्याकडून अश्वविद्या घेण्याचे ठरवले. अक्षविद्या मिळताच नलाच्या देहातून कली बाहेर पडला, असे कथा सांगते.

बेहडा मेळघाटात आजही उगवतो. त्रिफळ्यातील एक तो. त्याच फळांचे प्राचीन काळी फासे असत. मूठभर फळे उचलून त्यांची संख्या चाराने भागली जाते का हे पाहण्याचा तो खेळ असावा, असे अभ्यासक मानतात. म्हणजे तेथे झटपट मोजदाद हे खरे कौशल्य होते आणि ऋतुपर्णाच्या विद्येचा अर्थ त्यात लागतो. कुणी म्हणेल, विद्या मिळाल्यावर नल पुन्हा द्यूत खेळला आणि राज्य जिंकून आला. मग तशी विद्या लॉटरीचीही असेल. अशा विद्येची पुस्तके स्टॉलवर टांगलेली असतात, स्वप्नात साप दिसला तर कुठला आकडा लावावा हेही त्यांत दिलेले असते. उत्तर सोपे आहे. बेहड्याची फळे मोजता येत होती. सोडतीच्या यंत्रात मोजण्यासारखे काहीच नाही. जे मोजता येते ते तिकिटाच्या आधीच मोजून झालेले आहे, आणि त्याची बेरीज खेळविणाऱ्याच्या वहीत आहे. आजच्या खेळात अक्षविद्या मिळाली तर तिचा एकच उपयोग, तो म्हणजे कलीस बाहेर काढणे.

ज्यास बक्षीस लागते त्याचे काय होते, हेही पाहावे. केरळात २०२२ च्या ओणम बंपरचे पहिले बक्षीस पंचवीस कोटींचे होते, तिकीट पाचशे रुपयांचे. ते तिरुवनंतपुरमच्या एका रिक्षाचालकास लागले. दलाली आणि कर वजा जाता सुमारे पावणेसोळा कोटी त्याच्या वाट्याचे ठरले. आठवडाभरातच त्याने जाहीरपणे सांगितले की, लोक मदत मागावयास दारात उभे राहतात, घरी राहणे अशक्य झाले आहे, एवढे मोठे बक्षीस नसते लागले तर बरे होते. त्या वर्षी तिकिटे साठ लाखांहून अधिक विकली गेली होती. बक्षिसावरील प्राप्तिकर तीस टक्के, त्यावर अधिभार. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून लॉटरीवर चाळीस टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासही यावरून समजेल की, तिकिटाच्या रुपयातून कर, दलाली, छपाई आणि शासनाचा वाटा निघाल्यावर जे उरते तेवढेच बक्षीस होते. सर्व तिकिटे एकाच मनुष्याने विकत घेतली तर बक्षीस त्यालाच लागणार, हे नक्की. आणि तो तोट्यात जाणार, हेही तितकेच नक्की.

तरुण पिढी म्हणते, लॉटरी वडिलांच्या काळची. ते खरे आहे. आता मोबाईलवर बसल्या जागी सौदे होतात. सप्टेंबर २०२४ मध्ये सेबीने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअर बाजाराच्या फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये सौदे करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी त्र्याण्णव टक्के तोट्यात गेल्या आणि त्यांचा एकत्रित तोटा एक लाख ऐंशी हजार कोटींहून अधिक झाला. ऑप्शन्स म्हणजे जुन्या तेजी-मंदीचेच नवे नाव, हे आजोबांनी नातवास सांगावे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. ते योग्यच झाले. पण १९६१ मध्ये न्यूयॉर्कचे भाव बंद झाले, तेव्हाही एक दार बंदच झाले होते.

आता मुनीमजींकडे परत यावे. शेठजींनी त्यांना रागे भरले नाही. वहीपूजनास दोन दिवस होते. दुकानाचे दार अर्धे ओढून घेतले आणि त्यांनी मुनीमजींपुढे पेन्सिल ठेवली. म्हणाले, "पेढीची नंतर बघू. आधी हिची बाकी ओढा."

रात्री नऊला बसलेले मुनीमजी साडेअकरापर्यंत बेरीज करत होते. तीनदा केली. जो मनुष्य पानभर रक्कम एका नजरेत मिळवी, त्याने ती तीनदा केली. नावे दोन लाख बेचाळीस हजार चारशे वीस. जमा सत्त्याण्णव हजार तीनशे पन्नास. जमा झालेला पैसाही खेळातच गेला होता, त्यामुळे घरातून गेलेली निव्वळ रक्कम एक लाख पंचेचाळीस हजार सत्तर. निम्म्याहून अधिक पैसा मोठ्या बक्षिसाच्या तिकिटांत गेला होता आणि तेथून चहापाण्याइतकेच परत आले होते. शहराबाहेरच्या ज्या प्लॉटसाठी त्यांनी दहा हजार बयाणा दिला होता आणि हप्ते न भरल्याने तो बुडाला होता, त्या प्लॉटची सबंध किंमत एक लाख चाळीस हजार होती. मुनीमजींनी आकडा लिहिला, त्याखाली दोन रेघा ओढल्या आणि चष्मा काढून ठेवला. सहा वर्षे ते स्वतःस सांगत आले होते की येणे-जाणे सारखेच चालू आहे. तो नऊ हजारांचा हळदकुंकवाचा जमा त्यांना लख्ख आठवत होता. दहा-वीस रुपयांचे नावे एकही आठवत नव्हते.

उचल फेडण्याचा करार तेथेच झाला. महिना हजार रुपये, पगारातून. नोव्हेंबर २००८ पासून जून २०१४ पर्यंत अडुसष्ट हप्ते गेले, एकही चुकला नाही. मुनीमजी भाड्याच्या घरातूनच निवृत्त झाले. लाल वहीत त्या रात्रीनंतर एकही नोंद नाही. उरलेली पाने कोरी आहेत.

पण त्या रात्री आणखी एक गोष्ट घडली, जी शेठजींनी पुढे स्वतःच सांगितली. मुनीमजी उठू लागले तेव्हा शेठजींनी त्यांना थांबवले. मागच्या खोलीत जाऊन त्यांनी लोखंडी कपाट उघडले आणि वडिलांच्या काळची एक जीर्ण चोपडी आणली. १९५० च्या दशकातील ती चोपडी कापसाच्या आकड्याची होती. एका रकान्यात न्यूयॉर्कचा उघडता भाव, दुसऱ्यात बंद भाव, पुढे लावलेली रक्कम. जिनिंगमधील भागी त्याच वर्षांत विकली गेली होती. का विकली, हे घरात कधी बोलले गेले नव्हते. शेठजींनी ती चोपडी कित्येकदा उघडून पुन्हा मिटली होती.

त्या चोपडीतही बाकी ओढलेली नव्हती. शेठजींनी ती मुनीमजींपुढे सरकवली. मुनीमजींनी चष्मा पुन्हा लावला, पेन्सिलीस टोक केले आणि पहिल्या पानापासून रकाने तपासावयास बसले.